परक्याच्या ओंजळीने किती दिवस पाणी पिणार?

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची सूत्रे दुसऱ्यांदा हाती घेताच डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेशांची एक चळतच स्वाक्षरीसाठी पुढे ओढली. त्यांतील एका आदेशाने परदेशांना दिली जाणारी अमेरिकी विकास-मदत ९० दिवसांसाठी गोठवली गेली. मार्च महिन्यात परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी ‘यूएसएड’चे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचे जाहीर केले आणि १ जुलै रोजी, १९६१ साली अध्यक्ष केनेडी यांनी स्थापन केलेली ही बलाढ्य संस्था परराष्ट्र खात्यात विलीन होऊन इतिहासजमा झाली. साठहून अधिक वर्षे जगाला विकासाचे पाठ देणारी शाळा पाच महिन्यांत बंद पडली. आफ्रिकेतील अनेक दवाखान्यांना टाळी लागली, परिचारिकांना घरी पाठवण्यात आले, एचआयव्हीच्या रुग्णांना पुढच्या महिन्याच्या गोळ्या मिळतील की नाही याचे उत्तर देणारे कोणी उरले नाही.

आपल्याकडे या घटनेवर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या. एक वर्ग टाळ्या पिटू लागला. ‘बरे झाले, साम्राज्यवाद्यांचे दुकान उठले’ असे म्हणून तो मोकळा झाला. दुसरा वर्ग, ज्याची परिसंवादांची आणि परदेशवाऱ्यांची सोय याच दुकानातून होत होती, तो मानवतेच्या नावाने गळा काढू लागला. आमच्या मते हे दोन्ही वर्ग चुकतात. पहिल्याला गोळ्या बंद झालेली ती आफ्रिकी माता दिसत नाही आणि दुसऱ्याला तिच्या गोळ्या हजारो मैलांवरील एका स्वाक्षरीच्या भरवशावर का राहिल्या, हा प्रश्न पडत नाही. या लेखाचा विषय हा न पडणारा प्रश्न आहे.

‘अविकसित’ या शब्दाचा जन्म

दारिद्र्य जगात पूर्वापार होते. परंतु अर्ध्याअधिक जगाला ‘अविकसित’ असे एकच नाव देण्याची प्रथा तुलनेने नवी आहे. २० जानेवारी १९४९ रोजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी आपल्या शपथविधीच्या भाषणात चौथा मुद्दा म्हणून ‘अविकसित प्रदेशां’ना तांत्रिक साहाय्य देण्याची कल्पना मांडली. योगायोग असा की त्याच तारखेला, ७६ वर्षांनी, त्यांच्याच एका उत्तराधिकाऱ्याने त्या कल्पनेचा गाशा गुंडाळण्यास प्रारंभ केला. काल ज्याला पूर्वेची संस्कृती, आफ्रिकेची राज्ये, लॅटिन अमेरिकेचे समाज असे म्हटले जाई, त्या सर्वांची एका रात्रीत एकच ओळख झाली: जे अद्याप अमेरिका झालेले नाहीत ते.

या मदतीमागे करुणा मुळीच नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. देवीच्या रोगाचे निर्मूलन झाले, लसीकरण पोहोचले, लाखो अर्भके वाचली. यात परदेशी पैशाचा आणि परदेशी वैद्यांच्या निष्ठेचा वाटा आहे आणि तो नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु करुणेबरोबर हिशेबही होता. सोव्हिएत रशियाशी चाललेल्या शीतयुद्धात कोणता देश कोणत्या गोटात राहील याचा तो हिशेब होता. अमेरिकेची अन्नमदत प्राधान्याने अमेरिकी शेतकऱ्यांचे धान्य उचलण्यासाठी होती आणि त्यातील किमान निम्मा माल अमेरिकी जहाजांतूनच गेला पाहिजे असा तिथला कायदा आहे. १९७० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ०.७ टक्के हिस्सा विकास-मदतीसाठी देण्याचे ठरले. २०२४ साली हा शब्द पाळणारे देश किती होते? नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग असे अवघे चार. सर्व दात्या देशांची मिळून सरासरी ०.३३ टक्के. त्यातही सुमारे १३ टक्के रक्कम दात्यांनी आपल्याच भूमीवर, निर्वासितांच्या देखभालीवर खर्च केली आणि ‘परदेशांना दिलेली मदत’ या सदरात मांडली. ब्रिटनने हे प्रमाण २०२१ मध्ये ०.७ वरून ०.५ टक्क्यांवर आणले आणि २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले, कारण पैसा संरक्षणासाठी हवा. म्हणजे केवळ एका लहरी अध्यक्षाला दोष देऊन चालणार नाही. दात्याच्या घरी अडचण आली की याचकाचे ताट आधी उचलले जाते, हा व्यवहाराचा नियमच आहे.

आम्ही हे भोगले आहे

ज्यांचे वय आज सत्तरीच्या पुढे आहे त्यांना रेशनवरचा तो लाल गहू आठवत असेल. ‘पीएल-४८०’ या कायद्याखाली तो अमेरिकेतून येत असे. गाजरगवत त्याच गव्हातून आले, ही समजूत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आजही पक्की आहे. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६६ साली देशाला सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. जहाज बंदरात लागावे आणि धान्य थेट लोकांच्या तोंडात जावे, अशी ती अवस्था होती. नेमक्या त्या काळात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी भारताला धान्य एकदम न देता थोडे थोडे, स्वतःच्या मर्जीने सोडण्याचे धोरण अवलंबिले. आमचे शेतीधोरण त्यांना बदलून हवे होते आणि व्हिएतनाममधील युद्धावर आम्ही टीका करतो याचा रागही होता. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. त्या बदल्यात जेवढी मदत मिळेल अशी आशा दाखवली गेली होती, तेवढी काही आली नाही.

त्याआधी, १९६५ मध्येच, लालबहादूर शास्त्रीजींनी देशाला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते. सोमवारी रात्री असंख्य घरांतील चूल पेटली नाही. आज कोणी हिशेबनीस म्हणेल की त्या उपासांनी किती टन धान्य वाचले? प्रश्न टनांचा नव्हता. पोट भरण्यासाठी मान खाली घालायची नाही, हा निश्चय त्या उपासात होता. त्याच निश्चयाच्या पाठीशी सी. सुब्रह्मण्यम यांचे धोरण, डॉ. स्वामिनाथन यांचे विज्ञान आणि पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांचे मनगट उभे राहिले. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले गेले. १९६४-६५ मध्ये विक्रमी समजले गेलेले गव्हाचे उत्पादन १ कोटी २३ लाख टन होते. १९६७-६८ मध्ये ते १ कोटी ६५ लाख टनांवर गेले.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ते बियाणे परदेशी होते आणि ते विकसित करणारे नॉर्मन बोरलॉगही परदेशीच. आम्ही त्यांना नाकारले नाही. ज्ञान कोठूनही घ्यावे, ही आमची जुनीच रीत आहे. मात्र ते बी आमच्या मातीत, आमच्या शास्त्रज्ञांनी पारखून, आमच्या शेतकऱ्यांनी पेरले. आम्ही ज्ञान घेतले, लगाम झुगारला. ज्या देशांना हे जमले ते उभे राहिले. ज्यांना ज्ञानाऐवजी फक्त लगाम मिळाला ते आजही ओंजळ पसरून उभे आहेत.

डॉलर वॉशिंग्टनचे, गोळी मुंबईची

अमेरिकेच्या मदतीचा सर्वात उजळ अध्याय म्हणून एचआयव्हीविरोधी कार्यक्रमाचा उल्लेख होतो. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी २००३ साली सुरू केलेल्या या कार्यक्रमाने अडीच कोटी जीव वाचवले असा अमेरिकी सरकारचा दावा आहे. त्याचे श्रेय त्यांना अवश्य द्यावे. परंतु हा अध्याय कोणत्या शाईने लिहिला गेला, हेही सांगितले पाहिजे.

२००० सालाच्या सुमारास या रोगावरील औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. आफ्रिकेतील रुग्णाच्या दृष्टीने ही मृत्यूची शिक्षाच. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने स्वस्त औषधांचा मार्ग मोकळा करणारा कायदा केला तेव्हा ३९ औषध कंपन्यांनी त्या सरकारलाच न्यायालयात खेचले. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे प्रमुख डॉ. युसुफ हमीद यांनी तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत, देण्याची तयारी जाहीर केली. जग थक्क झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या ३९ कंपन्यांनी आपला खटला मुकाट्याने मागे घेतला.

हे शक्य कसे झाले? १९७० साली भारताने स्वतःचा पेटंट कायदा केला होता. औषध बनवण्याच्या पद्धतीला संरक्षण मिळेल, पण औषधावरच मक्तेदारी मिळणार नाही, अशी त्यात तरतूद होती. श्रीमंत देशांच्या दृष्टीने ही चोरी होती. पुढे व्यापार कराराच्या दडपणाखाली २००५ मध्ये आम्हाला तो कायदा बदलावा लागला. परंतु मधल्या तीन दशकांत जे कारखाने उभे राहिले, जे रसायनशास्त्रज्ञ घडले, त्यांनी आफ्रिकेच्या लक्षावधी घरांतील दिवे विझू दिले नाहीत. अमेरिकेच्या त्या कार्यक्रमातील बहुतांश गोळ्या पुढे भारतीय कंपन्यांच्याच होत्या. डॉलर वॉशिंग्टनचे होते, गोळी मुंबईची होती. औषध पंधरा हजारांचे राहिले असते तर कोणत्या दात्याची झोळी पुरली असती? जगाच्या विकासातील या भारतीय वाट्याची नोंद किती अहवालांत ठळकपणे सापडते, हे वाचकांनीच शोधून पाहावे.

कर्जाचा नवा पाश

मदत आटत असताना कर्ज मात्र वाढत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या अहवालानुसार ३३० कोटी माणसे अशा देशांत राहतात, जेथे सरकार शिक्षणावर किंवा आरोग्यावर करते त्याहून अधिक खर्च व्याजावर करते. आफ्रिकेतील झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये हात वर केले. त्याच महिन्यात ‘जी-२०’ देशांनी अशा देशांसाठी एक समान चौकट जाहीर केली होती. त्या चौकटीतून कर्जाची फेरमांडणी पूर्ण होण्यास २०२४ चा मध्य उजाडला. चिनी बँका आणि पाश्चात्त्य रोखेधारक एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. मध्ये सुमारे दोन कोटी लोकसंख्येचा देश साडेतीन वर्षे ताटकळला. सावकार एक असतो तेव्हा निदान पाय तरी कोणाचे धरावेत हे कळते.

आपल्या शेजारी श्रीलंकेचे उदाहरण ताजे आहे. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेकराराने चिनी कंपनीच्या ताब्यात गेले, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. चीनच्या या विस्तारवादी सावकारीवर आम्ही सातत्याने लिहिले पाहिजेच. परंतु सत्य अर्धेच सांगण्याचा दोष आपण करू नये. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परतफेड थांबवली तेव्हा तिच्या परदेशी देण्यात चीनपेक्षाही मोठा हिस्सा आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता. करकपात, खतबंदी आणि घराणेशाही या तर कोलंबोतील राज्यकर्त्यांनी स्वतःच ओढवून घेतलेल्या आपत्ती होत्या. सावकार बीजिंगचा असो वा न्यूयॉर्कचा, घरातला कर्ता उधळ्या असेल तर घर बुडतेच.

मग या संकटांत न्याय करणारे पंच कोण? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत महत्त्वाच्या निर्णयासाठी ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेपाशी १६.५ टक्के मते आहेत. म्हणजे नकाराधिकार एकाच खिशात. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्याकडे प्रत्येकी सुमारे ४ टक्के मते. त्या दोघांपैकी प्रत्येकाहून मोठी अर्थव्यवस्था असलेल्या भारताकडे सुमारे २.६ टक्के. डिसेंबर २०२३ मध्ये निधीची एकूण वर्गणी निम्म्याने वाढवण्याचे ठरले, पण ती सर्वांची सारख्याच प्रमाणात, म्हणजे मतांचे पारडे होते तेथेच राहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये महामारीतून सावरण्यासाठी निधीने ६५० अब्ज डॉलरचे विशेष उचल अधिकार वाटले; त्यातील सुमारे ३३ अब्ज संपूर्ण आफ्रिका खंडाच्या वाट्याला आले. ज्याचे घर जळत होते त्याला तांब्याभर पाणी, ज्याच्या घरी विहीर होती त्याला टाकीभर!

निधीचा प्रमुख युरोपचा आणि जागतिक बँकेचा अध्यक्ष अमेरिकेचा, हा अलिखित करार स्थापनेपासून चालत आला आहे. २०२३ मध्ये बँकेच्या अध्यक्षपदी अजय बंगा आले. पुण्याजवळच्या खडकीत जन्मलेला माणूस त्या खुर्चीवर बसल्याचा आपल्याला आनंद झाला आणि तो साहजिक आहे. मात्र त्या आनंदात एक गोष्ट विसरू नये. त्यांचे नाव भारताने सुचवले नव्हते. ते अमेरिकेचे नागरिक म्हणून, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या शिफारशीने तेथे गेले. खडकीच्या बुद्धीला प्रवेश आहे, भारताच्या मताला अजून नाही.

न्यायमूर्ती रानड्यांचा प्रश्न

१८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी भारतीय अर्थशास्त्रावर एक व्याख्यान दिले. इंग्लंडच्या परिस्थितीत जन्मलेले अर्थशास्त्राचे सिद्धान्त हे भौतिकशास्त्राच्या नियमांसारखे सर्व देशांना आणि सर्व काळांना लागू पडतात, हा समज त्यांनी त्यात खोडून काढला. देश, काल, समाजरचना पाहूनच धोरण ठरले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, पण वॉशिंग्टनमधील तज्ज्ञांच्या कानी ते व्याख्यान अद्याप पोहोचलेले दिसत नाही.

आफ्रिकेतील मलावी या छोट्या देशाचे उदाहरण घ्या. शेतकऱ्यांना खतांवर अनुदान देऊ नका, बाजारावर सोडा, असा उपदेश धनको संस्थांनी त्याला वर्षानुवर्षे केला. २००५ मध्ये पीक बुडाले आणि १ कोटी ३० लाखांच्या त्या देशात सुमारे ५० लाख लोकांवर परक्या अन्नाची वाट पाहण्याची पाळी आली. तेव्हा अध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांनी उपदेश बाजूला ठेवून खत आणि बियाण्यांवर अनुदान दिले. पाऊसही चांगला झाला. दोन वर्षांत मलावी मका निर्यात करू लागला. पुढे त्या योजनेचा भार आणि तिच्यातील गैरव्यवहारही वाढले, हे खरे. अनुदान म्हणजे जादूची कांडी नव्हे. परंतु जे देश स्वतःच्या शेतकऱ्यांना उदंड अनुदाने देतात, त्यांनी उपाशी मलावीला काटकसर शिकवावी, यासारखा दांभिकपणा कोणता?

हाच दांभिकपणा आपल्याही वाट्याला येतो. जागतिक व्यापार संघटनेत भारताच्या धान्यखरेदीवरील अनुदान मोजताना आधार म्हणून १९८६-८८ च्या किमती धरल्या जातात. चार दशकांपूर्वीच्या भावाने आजच्या गव्हाचे मोजमाप! हवामानबदलाच्या क्षेत्रातही तीच कथा. २००९ मध्ये श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचा शब्द दिला. तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये, तोही मुख्यतः कर्जांच्या रूपाने. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथील परिषदेत २०३५ पर्यंत ३०० अब्जांचे नवे आश्वासन घाईघाईने संमत करून घेतले गेले, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत त्यावर आक्षेप नोंदवला. मदतीचा हात असा आखडता असताना कराचा हात मात्र लांब होतो: युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम यांसारख्या मालावर कार्बनचे शुल्क लागू केले आहे. धूर दोनशे वर्षे त्यांनी काढला, डोळे चोळत दंड आम्ही भरायचा!

घरच्या तिजोरीतून आलेला विकास

टीका करणे सोपे असते. पर्याय काय, असे कोणी विचारील. उत्तर दूर शोधायला नको. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या स्मृतीत कोरलेला आहे. त्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर राबवली गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा जगाला नवा असलेला विचार कोणत्याही परदेशी तज्ज्ञाने आपल्याला शिकवलेला नव्हता. आणि त्यासाठी पैसा कोठून आला? १९७५ मध्ये शहरांतील नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवण्यात आला. आपल्या वडिलांच्या पगारपत्रकातून दरमहा जी छोटी रक्कम कापली जात असे, ती दुष्काळी तालुक्यात खडी फोडणाऱ्या मायमाउलीच्या मजुरीसाठी होती. २००५ मध्ये देशभरासाठी जो कायदा झाला, त्याची प्रेरणा ही होती.

त्या योजनेत हजेरीपटांचे घोटाळे झाले, अपुरे पाझर तलाव राहिले, हे आम्ही लपवीत नाही. पण तिचे मर्म पाहा. शहराने खेड्याची जबाबदारी स्वतःच्या खिशातून उचलली. मजूर स्त्री परक्या दात्याच्या दारात नव्हती. ती आपल्याच शासनापुढे कायद्याने हक्क मागत होती. चूक झाली तर ती आमदाराला जाब विचारू शकत होती. वॉशिंग्टनने गोळ्या बंद केल्या तेव्हा त्या आफ्रिकी मातेने जाब कोणाला विचारायचा? तिचे तेथे मतच नाही. परावलंबी विकासाचा खरा दोष हा आहे. तो पोट भरतो, पण माणसाला नागरिक होऊ देत नाही.

देणाऱ्याचा धर्म

आता आपल्याकडे वळू. भारत आज केवळ घेणारा राहिलेला नाही. १९९१ च्या जुलैत सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी गहाण गेले होते. त्या अपमानानंतर बाराच वर्षांनी, २००३ च्या अर्थसंकल्पात, अटलजींच्या सरकारचे अर्थमंत्री जसवंतसिंह यांनी बहुतेक लहान दात्या देशांची मदत यापुढे घेणार नाही असे जाहीर केले आणि जगातील अतिगरीब देशांकडील कर्जे माफ करण्याची तयारी दर्शवली. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत स्वतःच्या किनाऱ्यावर हाहाकार असताना भारताने परदेशी सरकारांची मदत नाकारली आणि नौदलाची जहाजे श्रीलंका, मालदीव व इंडोनेशियाकडे धाडली. १९६४ पासून ‘आयटेक’ या कार्यक्रमाखाली १६० देशांतील दोन लाखांहून अधिक लोक भारतात प्रशिक्षण घेऊन गेले. अफगाणिस्तानात झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता आणि हेरातजवळचे सलमा धरण आमच्या अभियंत्यांनी आणि मजुरांनी जिवावर उदार होऊन बांधले. त्या रस्त्यासाठी भारतीय रक्तही सांडले. २०२२ मध्ये श्रीलंकेत पेट्रोलच्या रांगा लागल्या तेव्हा भारताने सुमारे चार अब्ज डॉलरचे साहाय्य दिले. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या बैठकीत आफ्रिकी संघाला ‘जी-२०’मध्ये स्थान मिळाले.

याचा अभिमान जरूर बाळगावा. पण अभिमान आणि आत्मसंतोष यांत अंतर आहे. म्यानमारमधील कलादन प्रकल्पाचा करार २००८ मध्ये झाला. सित्वे बंदराला पहिले जहाज लागण्यास २०२३ उजाडले आणि मिझोरामकडे जाणारा रस्ता तेव्हाही अपुराच होता. शेजाऱ्याला दिलेला शब्द पंधरा वर्षे रेंगाळतो, तेव्हा तो चीनच्या दारात जातो, यात नवल काय? २०२१ च्या जानेवारीत ‘लस मैत्री’ सुरू करून आम्ही जगाची वाहवा मिळवली. एप्रिलमध्ये दुसरी लाट कोसळताच निर्यात थांबली आणि पुण्यातील कुप्यांवर विसंबलेले गरीब देश अनेक महिने खोळंबले. आपल्या माणसांचे प्राण जात असताना तो निर्णय टाळता आला नसता, हे आम्ही मानतो. तरीही त्या देशांच्या दृष्टीने त्या क्षणी आपणही परकी ओंजळच ठरलो, हे मनात नोंदवून ठेवावे. म्हणून लस पाठवण्याबरोबर लस बनवण्याची विद्या त्या देशांत रुजवणे, हेच खरे दान. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने पेटंटचे बंधन तात्पुरते उठवण्याचा प्रस्ताव मांडला होता; तो श्रीमंत देशांनी जून २०२२ पर्यंत रेंगाळवून जवळजवळ निष्प्रभ केला. तो आग्रह आपण सोडता कामा नये.

‘आमच्याच देशात गरिबी असताना बाहेर कशाला द्यायचे?’ असा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. ज्या शास्त्रीजींनी उपास मागितला, त्यांच्याच कारकिर्दीत, १९६४ मध्ये, ‘आयटेक’ सुरू झाले, हे त्याचे उत्तर आहे. स्वतः अर्धपोटी असताना विद्या वाटणारा देश श्रीमंत झाल्यावर हात आखडता घेईल काय?

शेवटी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या गृहसंस्थेत युगांडाहून शिक्षणासाठी आलेला एक विद्यार्थी भाड्याने खोली पाहण्यास आला होता. मराठीत ‘नमस्कार’ म्हणण्याइतकी तयारी त्याने केली होती. कार्यकारिणीच्या बैठकीत चार जणांनी नाके मुरडली आणि त्याला नकार कळवण्यात आला. प्रस्तुत लेखक त्या बैठकीस उपस्थित होता आणि गप्प बसला. त्या तरुणाचे आजोबा कदाचित मुंबईत बनलेल्या गोळीवर जगले असतील; पण पुण्यातून तो काय घेऊन गेला? दिल्लीच्या परिषदेत फलकावर ‘वसुधैव कुटुंबकम्’ लिहिणे सरकारचे काम होते. ते आपल्या इमारतीच्या जिन्यात उतरवणे तुमचे-आमचे काम आहे आणि त्यात आम्ही कमी पडलो.

पाश्चात्त्यांचे दुकान उठले म्हणून टाळ्या पिटण्याचे कारण नाही. ओस पडलेल्या त्या जागी आता कोण बसणार, हा प्रश्न आहे. चीन कर्जाच्या वह्या घेऊन दारात उभाच आहे. भारताने तेथे जावे ते दाता म्हणून नव्हे, सावकार म्हणून तर नव्हेच. वाट तुडवलेला सोबती म्हणून जावे. आपली विहीर स्वतः खणणाऱ्याच्या हाती कुदळ द्यावी आणि पाणी लागेपर्यंत शेजारी उभे राहावे. ज्याने लाल गहू खाल्ला आहे, त्यालाच हे कळू शकते. आणि त्या वाटेची पहिली पायरी आपल्याच जिन्यात आहे.